ओरडणारा पोपट माजलेला नसतो

‘खाण्याच्या वेळी पोपट ओरडत असेल, तर त्याला दिवसभर उपाशी ठेवा, पिंजऱ्यावर जाड कापड टाका आणि तिखट मिरची चारा, दोन दिवसांत माज उतरतो,’ असा संदेश सध्या आपल्या विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. यातला एकही उपाय योग्य नाही आणि पहिला तर जीवघेणा आहे. (आपला हिरवा राघू वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पाळताच येत नाही, येथे विचार आहे तो बजरीगर, कॉकटील अशा बाजारात मिळणाऱ्या परदेशी जातींचा.)

बजरीगरचे वजन जेमतेम ३० ते ४० ग्रॅम असते. एवढ्याशा शरीरात शिल्लक फारशी नसते, त्यामुळे एका दिवसाचा उपासही त्याला झेपेलच असे नाही. ‘वाटी भरलेली असूनही ओरडतो’ अशी तक्रार असेल, तर आधी त्या वाटीवर फुंकर मारून पाहावी. बजरीगर राळ्याचा दाणा चोचीत सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथेच टाकतो. म्हणून संध्याकाळी काठोकाठ दिसणारी वाटी पुष्कळदा नुसत्या टरफलांची असते आणि ती उडून गेली की तळाशी चार दाणेही सापडत नाहीत. हा पक्षी भुकेला असतो. पिसे फुगवून बसल्यामुळे तो गुबगुबीत भासतो, पण छातीवर बोट फिरवताना मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले, तर वळण लावण्याचा विचार सोडून त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे.

मिरचीतल्या कॅप्सेसिनने पक्ष्यांचे तोंड भाजत नाही. भिवापुरी मिरचीसुद्धा पोपट आवडीने कुरतडतो. तेव्हा ओरडल्यावर दिलेली मिरची ही त्याच्या लेखी शिक्षा नसून बक्षीसच ठरते.

कापडाबद्दल एवढेच, की पक्ष्यांना घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकत असताना टिनाच्या छपराखाली पिंजरा झाकणे म्हणजे त्याचा श्वास कोंडणे होय.

पोट भरलेले असूनही मागणी करणारे पोपट असतात, हे खरे आहे. कारण ओरडले की कोणीतरी शेंगदाणा देते, हे ते शिकलेले असतात. यावर उपाय असा, की खाण्याच्या वेळा ठरवाव्यात, वाटी घेऊन पिंजऱ्याजवळ थांबावे आणि तो क्षणभर गप्प होताच ती आत ठेवावी. मग ही शांततेची अट हळूहळू वाढवावी. सुरुवातीला ओरडणे वाढते. नेमक्या त्याच वेळी घरातल्या कोणी मायेपोटी दाणा दिला, तर जास्त वेळ ओरडल्याने काम होते, असा उलटा धडा त्याला मिळतो. म्हणून हा नियम आजीपासून नातवंडांपर्यंत सर्वांनी पाळायला हवा. सोबत पिंजऱ्यात ज्वारीचे कणीस टांगावे. दाणे उपटून खाण्यात त्याचा बराच वेळ जातो आणि चोचीलाही काम मिळते. कणीस मात्र फवारणी न झालेल्या शेतातलेच असावे.