हायवेवर माणसं असणारच!

आज सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर एकाने व्हिडिओ टाकला. पुणे-कोल्हापूर रस्ता, काटा १३० च्या पुढे, आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई दुभाजकावर उभी. खाली लिहिलंय, 'या लोकांना हायवेवर येऊच कसं देतात?' त्यावर धडाधड अंगठे. दिवसभर डोक्यातून जात नाहीये.

अरे बाबांनो, तो राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे, एक्सप्रेसवे नाही! मुंबई-पुणे एक्सप्रेसवे किंवा समृद्धी, हे कुंपण घातलेले रस्ते. ठरलेल्या ठिकाणीच चढायचं, ठरलेल्या ठिकाणीच उतरायचं. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर, पायी माणूस, सगळ्यांना बंदी. म्हणून समृद्धीवर कारला १२० ची मुभा आहे. महामार्गावर तसं नाही. तिथे उसाच्या ट्रॉलीचा हक्क तुमच्या गाडीइतकाच.

माझ्या मामाचं घर कराडच्या अलीकडे, रस्त्याला लागून. मळा पलीकडे. सुवर्ण चतुष्कोनात, म्हणजे दिल्ली-मुंबई-चेन्नई-कोलकाता जोडणाऱ्या महामार्ग योजनेत, रस्ता चौपदरी झाला आणि घर एकीकडे, विहीर दुसरीकडे राहिली. मामी आजही भाकरीचं फडकं घेऊन तो रस्ता ओलांडते. रस्त्याखालून जायला बोगदा आहे, पण लांब, आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी. तिने काय करावं? मळा उचलून अलीकडे आणावा?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवे झाला तेव्हा जुना हायवे शिल्लक राहिला. खोपोली-लोणावळ्याचा माणूस आजही स्कूटर घेऊन त्यावरून जातो. कराडच्या माणसाला असा जुना रस्ता ठेवलाच नाही. जुना होता तोच रुंद केला. सर्व्हिस रोड आहे म्हणाल, तर तो मध्येच संपतो आणि माणूस पुन्हा तुमच्या लेनमध्ये येतो. हो, उलट्या दिशेने दुचाक्या घालतात, तेही चूकच आहे. पण दुभाजकातला पुढचा कट, वळायची जागा, कुठे आहे ते एकदा बघा, मग बोला.

आणि राज्य महामार्गावर तर दुभाजकही नसतो बऱ्याच ठिकाणी. एसटीचा थांबा, आठवड्याचा बाजार, शाळा सुटल्यावरची पोरं, सगळं त्याच डांबरावर. तिथेही हाच वेग, हाच हॉर्न, हेच डोळ्यांत जाणारे अप्पर लाइट.

लहानपणी मामी आमचा हात धरून रस्ता ओलांडायची. ट्रकवाले लांबूनच वेग कमी करायचे, एखादा हातही करायचा. आता ती एकटी दुभाजकापर्यंत येते आणि तिथेच उभी राहते, कधी कधी पंधरा-वीस मिनिटं. गुडघे गेलेत तिचे. मागच्या दिवाळीत मी सोबत होते. एकही गाडी थांबली नाही. एका कारवाल्याने काच खाली करून शिवी दिली. माझ्या मामीला! तिच्याच शिवारात!

राग फक्त चालवणाऱ्यांवर नाही. साताऱ्याच्या पुढे आता सहापदरीकरण चाललंय. म्हणजे आणखी दोन लेन ओलांडायच्या. ज्या गावाचं शिवार रस्त्याने तोडलंय, त्या प्रत्येक गावाला बैलगाडी जाईल एवढा, पाणी न तुंबणारा बोगदा आधी द्या. पादचारी पुलाचे जिने दाखवू नका, म्हैस जिना चढत नाही. आमच्या ग्रुपमध्ये तिघंचौघं रस्त्यांच्या कामात आहेत. अंगठे देऊन झाले असतील तर कराडच्या टप्प्याचा नकाशा उघडा आणि बोगदे कुठे कुठे धरलेत ते मला सांगा.