"पायरसीने कोणाचंच नुकसान होत नाही" हे खरं नाहीये

गेमिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज परत परत फिरतोय. पायरसीने गेम इंडस्ट्रीचं काही बिघडत नाही, क्रॅक (म्हणजे चोरीची फुकट कॉपी) उतरवणारा तसाही विकत घेणार नव्हता, युरोपचा रिपोर्ट सांगतो की विक्री उलट वाढते, स्टीम हे ऑनलाइन गेमचं दुकान चालवणाऱ्या कंपनीचा प्रमुख गेब न्यूएलपण तेच म्हणाला, आणि कंपन्या तर अब्जावधी कमावतायत. प्रत्येक वाक्यात थोडं थोडं खरं आहे म्हणून लोकांना पटतं, आणि म्हणूनच एकेक करून बघायला पाहिजे.

"तसाही घेणार नव्हतो" पासून सुरू करू. प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री असं धरणं चूकच आहे, ते मान्य. पण कोणीच घेणार नव्हतं हे कुठून आलं? २०१३ मध्ये ग्रीनहार्ट गेम्स या दोन भावांच्या कंपनीने गेम डेव्ह टायकून हा गेम काढला आणि किती जण क्रॅक खेळतात ते कळावं म्हणून त्याची एक वेगळी कॉपी स्वतःच टॉरेंटवर (जिथून लोक फुकट फाइली उतरवतात) टाकली. पहिल्या दिवशी ३,३१८ जण खेळले, त्यात पैसे दिलेले २१४, बाकीचे ३,१०४ क्रॅकवाले. गेम ८ डॉलरचा, डीआरएम (कॉपी रोखणारं कुलूप) नाही, म्हणजे विकत घेणाऱ्याला त्रास होता असंही म्हणता येत नाही. आता धरून चाला की त्या ३,१०४ पैकी ९५ टक्के लोकांनी खरंच कधीच घेतला नसता, तरी उरतात १५५. म्हणजे २१४ च्या जागी ३६९, पहिल्याच दिवशी पाऊणपट जास्त विक्री, आणि दोन माणसांच्या कंपनीत तेवढ्यावर पुढचा गेम बनतो की नाही ते ठरतं.

मोठ्या गेमचंही मोजून झालंय. डेनुवो हे असंच कॉपी रोखणारं कुलूप लावलेल्या गेमवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये आला, त्यात रिलीजच्या पहिल्या आठवड्यातच क्रॅक झालेल्या गेमचं उत्पन्न सरासरी २० टक्के घटल्याचं निघालं, आणि क्रॅक बारा आठवड्यांनंतर आला तर फरक जवळजवळ शून्य. मला हे पटतं, कारण गेमचा खरा पैसा सुरुवातीलाच येतो.

युरोपचा रिपोर्ट, म्हणजे युरोपियन कमिशनने करून घेतलेला, खरा आहे, २०१५ चा, बाहेर आला २०१७ मध्ये. गेमच्या बाबतीत पायरसीने विक्री वाढते असा आकडा आला होता हेही खरं. पण त्याच रिपोर्टने स्पष्ट लिहिलंय की परिणाम सिद्ध झाला नाही म्हणजे परिणाम नाहीच असं समजू नका, आणि चुकीची शक्यता मोठी आहे. नवीन मोठ्या सिनेमांना पायरसीचा फटका बसतो हेही त्यातच आहे, ते मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

गेबचं सोपं आहे. पायरसी हा बहुतेक वेळा सर्व्हिसचा प्रश्न असतो असं तो म्हणाला, म्हणजे दुकानदाराने काय करावं ते सांगितलं, नुकसान होत नाही असं कुठे म्हणाला? आणि आपल्याकडे आता स्टीमवर रुपयात किंमत आहे, यूपीआय चालतं, सेल लागतात. चार-पाच हजाराचे मोठे गेम महाग आहेत, नाही म्हणत नाही, पण पाचशेच्या आसपासचा इंडी, म्हणजे छोट्या टीमने बनवलेला, गेमसुद्धा लोक क्रॅकच उतरवतात.

"कंपन्या अब्जावधी कमावतायत", म्हणजे इंडस्ट्री तर वाढतेय, यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. वाढतंय काय ते बघा ना, मोबाइलवरचे फुकट गेम, स्किन्स (गेममधल्या पात्रांचे विकतचे पोशाख), सर्व्हरवर चालणारं सगळं, म्हणजे जे क्रॅक करून काही फायदाच नाही ते. दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये हे आधीच होऊन गेलंय, कॉपी इतक्या व्हायच्या की सिंगल प्लेअर पीसी गेम विकून पोट भरणं अवघड झालं आणि बराचसा धंदा ऑनलाइन गेमकडे, आतल्या वस्तू विकण्याकडे वळला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० मध्ये राजी हा गेम काढला, आपल्या पुराणकथांवरचा, एकट्याने खेळायचा, एकदाच पैसे देऊन घ्यायचा. असा गेम बनवणाऱ्याकडे विकायला कॉपीशिवाय दुसरं काही नसतं. सगळी इंडस्ट्री बुडणार नाही हो, पण असले गेम बनवणारे कमी होतील, आणि मला तेच खेळायचे असतात.

राहिला कंपन्यांवरचा राग. युबिसॉफ्ट या मोठ्या कंपनीने ३१ मार्च २०२४ ला द क्रू या रेसिंग गेमचे सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेला गेमसुद्धा चालेनासा झाला, तो राग शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यासाठी भांडलंच पाहिजे. पण २००८ चा वर्ल्ड ऑफ गू हा गेम दोघांनी बनवला होता, डीआरएम न लावता, आणि त्यांच्याच अंदाजाप्रमाणे ८० टक्क्यांहून जास्त कॉपी चोरीच्या होत्या. त्या दोघांनी कोणाचा सर्व्हर बंद केला होता?