आधी शाखा विचारा, मग लॅपटॉप सांगा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एका वडिलांनी साधा प्रश्न टाकला. मुलाला सिव्हिलला ॲडमिशन मिळालीय, लॅपटॉप कोणता घेऊ? झालं! "डोळे मिटून मॅकबुक." "एकदाच घ्या, चांगला घ्या." अरे, शाखा तरी वाचलीत का?

माझं डोकं फिरलं, कारण ऐरोलीत आमच्या शेजारच्या पोरीचं नेमकं हेच झालंय. वडील रबाळे एमआयडीसीत शिफ्ट करतात. हप्त्यांवर मॅकबुक घेतला. दुकानदाराने ऑटोकॅड (आराखडे काढायचं सॉफ्टवेअर) उघडून दाखवलं, "बघा, इंजिनिअरिंगचं चालतंय." खोटं नाही बोलला, ऑटोकॅडची मॅक आवृत्ती आहेच. पण सिव्हिलला लागणारी बाकीची सॉफ्टवेअर, म्हणजे ईटॅब्स (इमारत भार पेलेल का ते तपासणारं), रेव्हिट, सिव्हिल थ्रीडी? तिन्ही फक्त विंडोजची. मेकॅनिकलवाल्यांचं सॉलिडवर्क्सही तसंच. पोरगी लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली, पेनड्राइव्हवरच्या ईटॅब्सच्या सेटअपवर डबल क्लिक करत राहिली आणि म्हणाली, "काका, काहीच होत नाहीये." होणार कसं?

पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने सरळ विंडोज टाकता यायचं. २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली, आणि या नव्या मॅकवर ती सोय नाही. पॅरॅलल्स (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) घ्या म्हणणाऱ्यांनो, त्याचे पैसे वेगळे. वर आत चालणारं विंडोज एआरएमचं, म्हणजे वेगळ्या जातीच्या चिपसाठीचं, आणि ही सॉफ्टवेअर इंटेल-एएमडीच्या चिपसाठी लिहिलेली. चाललं तर चाललं. सबमिशनच्या आदल्या रात्री हा जुगार कोण खेळणार? तुम्ही?

आणि "उबुंटू टाक रे" वाल्यांनो (उबुंटू म्हणजे लिनक्स, विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम), तुम्ही तर बोलूच नका. महाप्यात माझा अख्खा दिवस लिनक्सवरच जातो, मला नका शिकवू. हो, कोडिंगला लिनक्ससारखं सुख नाही. हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं करणारं ओपनफोम तिथलंच, चिप डिझाइनची केडन्स-सिनॉप्सिसची मोठी टूल्सही तिथेच, जगातले पहिले पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून सगळे लिनक्सवर. मान्य. पण त्या पोरीला सुपरकॉम्प्युटर नकोय, तिला चार मजली इमारतीचं मॉडेल रन करायचंय. आणि थोडं लिनक्स लागलंच तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल आहे की. उलटं जमवायला गेलात, लिनक्समध्ये विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या वाईनवर ईटॅब्स वगैरे, तर नमस्कार.

मॅक वाईट नाही. बॅटरी, स्क्रीन, पायथन, गिट, सगळं झकास. कॉम्प्युटर शाखेच्या मुलाने खुशाल घ्यावा. आकडेमोडीचं मॅटलॅबसुद्धा विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे चालतं.

काल तिचे वडील जिन्यात भेटले. नाईट करून आलेले, हातात डबा. म्हणाले, "दादा, एवढा महाग आहे म्हणजे सगळं चालत असेल असं वाटलं." काय बोलणार त्यांच्यापुढे? त्यांच्या जागी कुणालाही असंच वाटलं असतं. माझा राग त्यांच्यावर नाहीच. राग तुमच्यावर आहे, दुसऱ्याच्या हप्त्यांवर आपली हौस भागवणाऱ्यांवर.

तर मुद्द्याचं. कुणाकडे इंटेल किंवा एएमडीचा जुना विंडोज डेस्कटॉप पडून असेल, १६ जीबी रॅमचा, आणि विंडोज ११ घेणारा (विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय), तर इनबॉक्स करा. ठाणे ते बेलापूर कुठूनही मी उचलून आणेन, रास्त पैसेही देईन. मॅकबुक विकायचा सल्ला मात्र कमेंटमध्ये नको, पोरगी तो वापरतेय आणि तिला तो आवडतो.