बुंबाय

पन्नास पेसोची एक नोट गेल्या आठवड्यापासून माझ्या पाकिटात पडून आहे. ती माझी नाही. बँकेतल्या पोराने उलटीसुलटी करून परत दिली, बायको म्हणते देवापुढे ठेवा, आणि लेक रोज फोनवर विचारते, ‘काय पप्पा, वसुली कशी चाललीय?’

लेक फिलिपिन्सला, दावाओ शहरात डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच पोरं तिथे आहेत. ऑगस्टमध्ये तिथे ‘कादायावान’ असतो, सुगीचे आभार मानायचा सण. ‘मादायाव’ म्हणजे छान, मोलाचं, त्यावरून नाव. १९८६ साली वेगळ्या नावाने सुरू झाला, १९८८ पासून कादायावान. त्या भागातल्या अकरा जमातींचा मान असतो, आणि पीकपाण्याबद्दल जुन्या देवाचे, मानामाचे आभार असतात. ‘आपल्या पोळ्यासारखंच पप्पा, फक्त बैलांऐवजी माणसं नाचतात,’ असं लेकीने समजावलं. मी पडलो निफाड तालुक्यातला शेतकरी. म्हटलं, आभार मानण्याइतकं पिकतं तरी कुठे, बघून येऊ.

शनिवारी रस्त्यावरचा नाच. सहाला जाऊन उभे राहिलो. त्याआधी तपासणी. पाठीवरची सॅक चालत नाही, बाटली आरपार दिसणारी हवी. माझी बाटली स्टीलची, सोसायटीच्या निवडणुकीत फुकट मिळालेली, वर उमेदवाराचा हात जोडलेला फोटो. तिथल्या पोऱ्याने फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि बाटली टेबलाखाली ठेवली. आमच्या गटाचा उमेदवार आता दावाओत टेबलाखाली हात जोडून बसलाय. इथेही तो निवडून आल्यापासून दिसलेला नाही, म्हणा.

दोन तास झाले तरी नाच नाही. ऊन चढलं. आणि नेमकी माझ्यापुढे एक आजीबाई येऊन बसली.

सत्तरीच्या पुढची. प्लॅस्टिकचं स्टूल घरून आणलेलं. घाम टिपायला मानेमागे टॉवेल खोचलेला, पोरांना शाळेत पाठवताना तिकडच्या आया खोचतात तसा. एका हातात पंखा, दुसऱ्यात छत्री. छत्री उघडली ती अशी, की एक काडी बरोबर माझ्या डाव्या डोळ्यासमोर. मी डोकं उजवीकडे नेलं की छत्री उजवीकडे. तिकडे आजीला ‘लोला’ म्हणतात. लेकीने गोड आवाजात ‘लोला, छत्री जरा…’ म्हटलं, तशी लोला वळली आणि तिने मला पायापासून मिशीपर्यंत पाहिलं. मिशीवर थांबली. मग ओठांचा चंबू माझ्याकडे करून लेकीला विचारलं, ‘बुंबाय?’

चंबूचं सांगायला हवं. तिकडे बोट दाखवणं बरं दिसत नाही, म्हणून दिशा ओठांनी दाखवतात. रिक्षा कुठे मिळेल? ओठ. दवाखाना? ओठ. पहिले दोन दिवस मला वाटत होतं, सगळं दावाओ आपला मुका घ्यायला निघालंय.

‘बुंबाय नाही, नाशिक,’ मी म्हणालो. ‘नाशिक, इंडिया.’

‘इंडिया,’ लोला समजुतीने म्हणाली. ‘बुंबाय.’

खुद्द मुंबईने आम्हाला कधी मुंबईकर म्हटलं नाही. वाशीच्या मार्केटात तीस वर्षं माल घालतोय, तिथेही आम्ही ‘ए नाशिकवाले’च. आणि इथे हजारो मैलांवर एक म्हातारी मला फुकट मुंबईकर करत होती. बरं, ते बॉम्बेही १९९५ ला मुंबई झालं, हे तिकडे अजून पोचलेलं नाही.

पण खरी गोम पुढे होती. तिकडे कुठलाही भारतीय म्हणजे बुंबाय, आणि बुंबाय म्हणजे ‘फाइव्ह-सिक्स’. मोटरसायकलवर फिरणारे सावकार, बहुतेक पंजाबी. पाच घ्या, सहा फेडा. हजार घेतले की बाराशे, रोज थोडेथोडे. कागद नाही, तारण नाही. बाजारातल्या भाजीवाल्या, मासेवाल्या त्यांच्याकडून घेतात, कारण बँक त्यांना दारात उभी करत नाही. पोरं जेवेनात तर ‘बुंबाय घेऊन जाईल’ अशी भीती घालतात. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी लोलाने एवढंच विचारलं, ‘मोटर कुठंय?’

मला वाटलं शेतीबद्दल बोलतेय. म्हटलं, ‘विहिरीवर. पाच एचपीची.’

लेक हसू दाबत म्हणाली, ‘पप्पा, मोटर म्हणजे मोटरसायकल.’

‘घरी आहे.’

लोलाने भुवया उडवल्या. तिकडे भुवया उडवल्या की ‘हो, पटलं’. मग बराच वेळ ती लेकीशी बोलली. लेकीने मला सांगितलं ते एवढंच, ‘म्हणतात, चांगलं केलंस. सणाच्या दिवशी वसुली करू नये.’

यात मी हसून गप्प बसलो, ही माझी चूक. कारण लोलाने वळून ही बातमी मागच्या रांगेला दिली. तीन छत्र्या खाली झाल्या, एका बाईने टोपी नाकापर्यंत ओढली. तेवढ्यात तळलेली केळी काड्यांना टोचून विकणारी एक बाई गर्दीतून आली, माझ्याकडे न बघता माझ्या हातात नोट कोंबली, काहीतरी पुटपुटली आणि गेली.

‘राहिलेले उद्या देते म्हणाली,’ लेक म्हणाली. आता तिला हसू आवरेना.

मी नोट घेऊन मागे जायला लागलो, तर लोलाने मनगट धरलं. शेतात राबलेला हात होता, सुटेना. ‘घे. आज घेतली नाहीस तर उद्या त्यावरही व्याज लावशील.’

मी कर्जबाजारी माणूस आहे. सोसायटीचं पीककर्ज आहे, ट्रॅक्टरचा हप्ता आहे, औषधवाल्याची उधारी आहे. आयुष्यभर मी वसुलीवाल्याला बघून बायकोला ‘घरात नाही म्हणून सांग’ म्हणत आलो. आणि मला बघून कुणी टोपी ओढते! खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. मग मात्र लाज वाटली आणि हात सोडवून मी केळीवालीच्या मागे पळालो.

आता नाचाचं. आम्ही ज्या जागी सहापासून उभे होतो ती दोन परीक्षकांच्या मंचांच्या मधली जागा होती, हे कुणी सांगितलं नव्हतं. पथकं मंचापुढे जीव तोडून नाचतात, आणि मधल्या पट्ट्यात चालतात. आमच्यापुढून जे गेलं ते असं: डोक्यावरची पिसं काखेत मारलेला पोरगा, ड्युरियन या काटेरी फळाच्या सोंगात पाणी पिणारा दुसरा, केळफूल झालेल्या पोरीची बुटाने सोललेली टाच, ढोल खाली टेकवून मोबाइल बघणारा ढोलवाला. तालीम करून करून थकलेली शाळेतली लेकरं ती. त्यांना तरी काय बोलणार? पण पुढे कोंडी झाली म्हणून एक अख्खं पथक आमच्याच पट्ट्यात थांबलं आणि तिथेच नाचायला लागलं, तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे ‘दीदी, ओ दीदी’ करत धावत होतो. ढोल ऐकू येत होते. नोट परत गेली नाही आणि नाचही गेला.

परत आलो तर लोला खूश. ‘तू चुकवलंस!’ मग स्टुलावर बसल्या बसल्याच तिने मला नाच दाखवला. पंखा मिटून भाला केला, पावलं जमिनीवर घासली, खांदे उडवले, कणसं खुडून टोपलीत टाकली, टोपली डोक्यावर चढवली आणि टॉवेल सोडून हवेत फिरवला. दावाओचा नाच मी पाहिला तो एवढाच.

मग तिने केळीच्या पानातला आल्याच्या वासाचा चिकट भात दिला आणि विचारलं, खरा धंदा काय? लेकीने सांगितलं, कांदा. तिकडच्या बोलीत मोठ्या कांद्याला काय म्हणतात? ‘बॉम्बाय’. लोलाला आधी कळेना, मग कळलं. ‘बुंबाय, बॉम्बाय पिकवतो!’ म्हणून इतकी हसली की कवळी सावरावी लागली. मागच्या रांगेलाही हसू पोचलं. टोपीवाली बाईसुद्धा हसली.

हसणं संपलं आणि भाव निघाला. २०२२ च्या नाताळात तिथे कांदा किलोला सातशे पेसोंवर गेला होता, मांसापेक्षा महाग. पुढच्याच महिन्यात इलोइलो शहरात एका नवरीने फुलांऐवजी कांद्यांचा गुच्छ धरून लग्न लावलं. आणि त्यानंतर महिन्याभरात, फेब्रुवारी २०२३ मध्ये, सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा चेक पडला. दोन रुपये! हमाली, तोलाई, भाडं कापून. त्याच वर्षी डिसेंबरात भाव जरा उठतोय म्हणेपर्यंत निर्यातबंदी, ती मे २०२४ पर्यंत. हे मी लोलाला सांगत होतो, लेक सांगून सांगून दमली. ‘पप्पा, त्या सणाला आल्यात.’ मी काय बाजार समितीत आलो होतो?

लोलाने शांतपणे ऐकलं, बोटांवर हिशोब केला. म्हणाली, ‘मला पाच पोती पाठव. सहाचे पैसे देते.’

लेकीने भाषांतर केलं आणि मी तिच्याकडे पाहत राहिलो. जन्मात मला पाचाचे सहा कुणी दिले नव्हते. मी ‘आत्ता पाठवतो’ म्हणालो. ते मात्र लेकीने सांगितलं नाही. ‘निर्यातीचे कागद तुम्ही करणार का?’ म्हणाली.

घरी आलो तेव्हा कांदाचाळीत वास सुटला होता. वरचा थर काढून टाकला. रात्री हिशोबाची वही काढली आणि पन्नास पेसो जमा केले. बाईचं नाव माहीत नाही म्हणून ‘केळीवाली, दावाओ’ असं लिहिलं. राहिलेले ती ‘उद्या’ देणार होती. त्याला आता आठ दिवस झाले. लेकीला म्हटलं, कॉलेजातून येता-जाता जरा चौकशी कर.