साखरेची कवटी का फुटते?

मेक्सिकोतल्या ‘मृतांच्या दिवसा’वरच्या तुमच्या लेखात गेलेल्यांसाठीच्या वेदीची मांडणी छान आलीय, पण तिच्यावर ठेवायच्या साखरेच्या कवट्यांची कृती एका ओळीत उरकली आहे. फसगत नेमकी तिथेच होते.

मेक्सिकोतल्या तोलुका शहरातले कारागीर गरम पाक मातीच्या साच्यात ओततात. घरी मात्र पाकाच्या वाटेला जाऊ नये. 3 कप साध्या दाणेदार साखरेला 3 चमचे (चहाचे) मेरँग पावडर (अंड्याच्या पांढऱ्या भागाची सुकी पूड) चोळा, मग 3 चमचे पाणी शिंपडून हातानेच कालवा. मूठ आवळल्यावर बोटांचे ठसे टिकले की झालं. भुगा पडला तर थेंबभर पाणी. चिकट झालं तर कवटी साच्याला धरून बसते, मग आणखी साखर. पिठीसाखर चालत नाही.

साचा गच्च दाबून भरा, पुठ्ठ्यावर उपडा करून लगेच उचला. पाच-सहा तासांनी मोठ्या कवटीचा गाभा चमच्याने कोरून काढा. नाहीतर आतला ओलावा राहतो आणि रंगवताना ती फुटते. रात्रभर सुकू द्या. पावसाळी, दमट हवेत हा उद्योग करूच नये, कवटी दिवसभरात खचते. आयसिंगही घट्टच हवं. कपाळावर नाव घालायची जागा आधीच मोकळी ठेवा. टिकल्या-चमकी लावलेली कवटी खायची नसते, हे मुलांना बजावा.

आणि वेदीवरचं सेंपासुचिल म्हणजे आपला झेंडूच, मूळचा तिकडचाच. पाकळ्यांची वाट दारापासून वेदीपर्यंत सलग घालतात. 1 नोव्हेंबर गेलेल्या लहानग्यांचा, 2 मोठ्यांचा, लेखात ते उलटं छापलंय.