घोडा स्लो की फास्ट?

गेल्या रविवारी दादरमधल्या एका वाचनालयात चाळीस माणसांसमोर मला एका घोड्याचा जबाब द्यावा लागला. घोडा माझा नव्हता. कादंबरीही माझी नव्हती. मी तिची फक्त मुद्रितं तपासली होती, पानाला पंधरा रुपये दराने, आणि 'जाता जाता इतिहासही बघून घ्या' हे कामही प्रकाशकांनी त्याच पंधरा रुपयांत बसवलं होतं. लेखिका कल्याणच्या. मेन लाइनला मेगाब्लॉक. ठाण्यापर्यंत येऊन त्या अडकल्या आणि संयोजकांना फोनवर म्हणाल्या, "आमच्या मुद्रितशोधक बाई आल्यात ना, त्यांना सगळं माहितीये." मी मागच्या रांगेत बटाटेवडा खात होते. तिथून मला उचलून माइकसमोर बसवलं.

कादंबरी १७६५ च्या श्रावणातली. माधवराव पेशव्यांची कारकीर्द, पुण्याचा तरणाबांड शिलेदार, साताऱ्याला मामांकडे राहणारी नायिका, एक चुकलेलं पत्र आणि ४१२ पानं. 'वाचकांची मतं' असा कार्यक्रम होता. मराठी वाचकाला ऐतिहासिक प्रेमकथेबद्दल मत विचारलं की तो प्रेमाबद्दल अवाक्षर काढत नाही. तो थेट स्वयंपाकघरात शिरतो आणि अन्न निरीक्षकासारखी झाकणं उचलायला लागतो.

या बाजूने मी निर्धास्त होते. पहिल्या खर्ड्यात नायिकेने श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी केली होती, शेंगदाण्याचं कूट आणि बटाटा घालून. एका कढईत तीन गुन्हे. आपला साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि सेलमकडचा साबुदाण्याचा धंदा १९४० नंतरचा. शेंगदाणा तिकडचाच. बटाट्याचं तर नावच पोर्तुगीज, आणि आपल्या शेतांत तो जम बसवतो इंग्रजांच्या अमलात. मी तिला वरईचे तांदूळ दिले. मिरची मात्र राहू दिली; तीही परदेशातूनच आली, पण माधवरावांच्या काळापर्यंत इथलीच होऊन बसली होती. टोमॅटो काढला. नायकाने काडी ओढून दिवा लावला होता, तिथे चकमक आणली, कारण घासून पेटणारी काडी १८२७ ची. 'पाच मिनिटांनी' होतं तिथे 'दहा-बारा पळांनी' केलं. नंतर लक्षात आलं की पळ म्हणजे २४ सेकंद, बारा पळांची पाच मिनिटं भरतच नाहीत, नायिका स्नान करून बाहेर यायला तेवढे पुरणार नाहीत, म्हणून 'अर्ध्या घटकेने' केलं. पंधरा रुपयांत हे सगळं.

त्यामुळे गिरगावच्या एक काकू उठून "उपासाला वरई दाखवलीत, बरं वाटलं" म्हणाल्या तेव्हा मी जराशी फुललेसुद्धा. पुढचं वाक्य होतं, "पण पान ८८ वर दोघं गुलमोहराखाली भेटतात."

गुलमोहर! मादागास्करचं झाड, वनस्पतिशास्त्रज्ञांनाच ते १८२० च्या दशकात सापडलं. दादरच्या रस्त्यांवर दर मे महिन्यात ते इतकं डोळ्यांत भरतं की पेशवाईत ते नसेल असं मनातही येत नाही. शिवाय भेट श्रावणात. गुलमोहर तेव्हा मादागास्करहून आलेला असता तरी त्याचा बहर सरलेला असता. मी माफी मागितली. काकूंनी मान डोलावून घेतली, पण माफ केल्यासारखी नाही.

मग रुईयात शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं, "यात स्पाइस किती आहे?" तिच्या पिढीत प्रेमप्रसंगांचा तिखटपणा मोजायला हा शब्द आहे, हे मला भाचीमुळे ठाऊक होतं. सभागृहाला नव्हतं. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी तिला प्रेमाने सांगितलं, "अगं, मसाल्याचं त्यांनी मघाशीच सांगितलं, मिरची होती."

इथवर सगळं रीतसर चाललं होतं. मग खिडकीजवळचे एक गृहस्थ उठले. पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि हातात गुंडाळी, लग्नाच्या आहेराचं चित्र असावं तशी. नाव सांगितलं नाही, हुद्दा सांगितला. सेक्शन कंट्रोलर, मध्य रेल्वे, निवृत्त. त्यांना मी मनात टाइमटेबलकाका म्हणू लागले आणि अजून म्हणते आहे, बहुतेक झोपेतही.

"मॅडम, मी प्रेम वगैरे वाचत नाही," काका म्हणाले. "मिसेसनी आणली होती. मी फक्त रनिंग बघितलं."

"कसलं रनिंग?"

"घोड्याचं."

गुंडाळी उघडली. आलेख कागद होता, तीन फुटी. ज्यांनी कंट्रोल ऑफिसातला चार्ट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते (मला त्यांनी बारा मिनिटं समजावला): आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी जाते, वेग वाढला की उभी होत जाते. काकांच्या कागदावर खाली पुणे होतं, वर सातारा, मधे कात्रज, शिरवळ, खंबाटकी. आणि एक तांबडी रेघ, भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखी जवळजवळ उभी.

"हा तुमचा घोडा. पान २१४. रात्रीच्या पहिल्या प्रहराअंती पुण्याहून सुटला. साडेसात घटकांचा प्रहर, म्हणजे तीन तास. रात्र सहाला धरली तर डिपार्चर नऊ. दुसऱ्या प्रहराअंती साताऱ्यात. अरायव्हल बारा. आजच्या रस्त्याने एकशेदहा किलोमीटर. सरासरी किती आली?"

मी मराठीची पदवीधर आहे. मी गप्प बसले.

"सदतीसला जरा कमी. कल्याण स्लो लोकल चोपन्न किलोमीटरला साधारण दीड तास घेते, म्हणजे छत्तीस. तुमचा घोडा कल्याण स्लोच्या पुढे चाललाय, मॅडम. आणि तिला वर वायर आहे."

हशा झाला. माझ्यावर. मी सांगू पाहिलं की घोडा भरधाव सुटला तर ताशी चाळीसच्याही वर जातो. हे खरं आहे. पण तेवढा दम दोन-चार किलोमीटरच टिकतो, आणि हेही मला माहीत होतं, म्हणून माझा आवाज वाक्याच्या मध्यावरच बसला. चालीने सहा, दुडक्या चालीने बारा ते पंधरा. दिवसाकाठी पन्नास-साठ किलोमीटर हे रोज चालणाऱ्या घोड्याचं प्रामाणिक काम. आजच्या दमाच्या शर्यतींत एकशेसाठ किलोमीटरला चोवीस तास देतात, तेही निवडक घोडे घेऊन, मधेमधे पशुवैद्याकडून नाडी तपासून. भीमथडीचं तट्टू काटक, पण तेही हाडामांसाचंच.

"बरं, हॉल्ट नाही," काका पुढे निघाले. "वाफेच्या इंजिनालासुद्धा पाणी घ्यावं लागायचं. हा पाणी कुठे पितो? चंदी कुठे खातो? घाट दोन. कात्रज आणि खंबाटकी. आमच्याकडे कर्जतहून लोणावळ्याला चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन, म्हणजे बँकर, लावतात, सदतिसास एकचा चढ आहे. इथे बँकर कुठाय?"

"घोड्याला?" कुणीतरी मागून विचारलं.

"निदान उतरून लगाम धरून चालायचं तरी. तेवढी रेघ आडवी पडायला हवी. आणि श्रावण महिना. नीरेला पाणी. नावेने पलीकडे जाणार ना? घोडा नावेत चढायला किती वेळ घेतो? मी अर्धा तास धरलाय, पण रात्री नावाडी उठवायचा वेळ धरलेला नाही."

मला वाटलं संपलं. नीरेचं खरंच चुकलं होतं. पावसाळ्यात मराठ्यांच्या फौजाही छावणीला बसत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत, ते या नद्यांमुळेच. मी 'दुसऱ्या आवृत्तीत बघू' हे वाक्य तोंडात तयार ठेवलं. तेवढ्यात काकांनी हिरवं पेन काढलं.

"आता खरी गंमत. तुमचा जासूद."

कादंबरी ज्या खिळ्याला टांगली आहे तो असा: नायिकेने 'येऊ नका' असं पत्र लिहून जासुदाबरोबर साताऱ्याहून पुण्याला धाडलं. ते पोचेपर्यंत नायक निघून गेलेला. त्या चुकामुकीवर पुढची १४० पानं विरह, संशय, एक तलवारबाजी आणि दोन आजारपणं उभी आहेत.

"जासूद सूर्यास्ताला निघाला. सहा वाजता. पायी, ताशी सात. नऊपर्यंत एकवीस किलोमीटर आला. उरले एकोणनव्वद. घोड्याला मी तुमच्या सोयीसाठी ताशी बारा दिले, हॉल्ट माफ, नदी माफ. बारा आणि सात एकोणीस. एकोणनव्वद भागिले एकोणीस." हिरवी रेघ वरून उतरत आली आणि तांबड्या रेघेला नीट फुलीसारखी छेदून गेली. "रात्री पावणेदोनच्या सुमारास, पुण्यापासून छपन्न किलोमीटरवर. शिरवळच्या पुढे, खंबाटकीच्या अलीकडे. दोघं समोरासमोर."

सभागृहात शांतता पसरली. पंखा ऐकू येत होता.

"वेग हवा तो धरा. तुमचा सदतीस धरा, अकराच्या सुमारास खंबाटकीपलीकडे भेटतील. भेट चुकत नाही, फक्त जागा बदलते. सिंगल लाइन आहे, मॅडम! जासूद नायकाच्याच वाड्यावरचा, घोडा पांढरा, पान ३१. ओळखणार नाही? तिथेच पत्र द्यायचं, घोडा वळवायचा, खेळ खलास. मिसेसना मी हे सांगितलं तेव्हा त्या पान ३०० वर रडत होत्या."

टाळ्या पडल्या. खऱ्या, उत्स्फूर्त टाळ्या. काकूंनीसुद्धा वाजवल्या.

रात्र काळोखी असेल, पाऊस असेल, वाट सोडून कुणी झाडाखाली थांबला असेल, असं मी म्हणू शकले असते. काळोखाबद्दल तर माझ्याकडे पुरावा होता: तिथी वद्य त्रयोदशी, चंद्राची कोर उगवते पहाटेच्या तोंडावर, आणि लेखिकेने नायकाच्या डोक्यावर घातलेला पूर्णचंद्र मीच उतरवला होता. पण मी चंद्र हातात घेऊन बसले आणि बोलले नाही, कारण एव्हाना मला राग यायला लागला होता.

राग काकांचा नव्हता. त्यांनी निदान पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. राग याचा की गुलमोहर सापडला, नीरा सापडली, आणि पान १ वरची पहिली ओळ कुणालाच खुपली नाही. पहिली ओळ सांगते की नायिका एकोणीस वर्षांची आहे, ब्राह्मणाच्या घरची आहे आणि अविवाहित आहे. १७६५ साली! माधवरावांचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मुलींची लग्नं त्याच वयात, नवरा गेला तर पुढचं आयुष्य काय ते आपल्याला ठाऊक आहे. मुद्रितावर मी 'वय?' असं लिहून गोल केला होता. लेखिकेचं उत्तर आलं, "खरं वय घातलं तर प्रेमकथा कोण वाचेल?" बरोबर आहे, कुणी वाचू नयेच. पण मग दोघांना पेशवाईत कशाला पाठवायचं? पैठणीसाठी? त्याच शेऱ्याच्या खाली मी वरईचे तांदूळ निवडत बसले होते.

एकोणीस वर्षांच्या मुलीने स्वतःचं मत सांगायचं म्हटलं तर काय होत असे, याची गोष्ट आपल्याच मुंबईत घडली आहे. रखमाबाईंचं अकराव्या वर्षी लग्न लावलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी नांदायला नकार दिला, खटला मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि १८८७ मध्ये निकाल लागला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाते. पुढे डॉक्टर झाल्या. आणि १८९१ साली संमतिवय दहाचं बारा करायचं तर किती मोठमोठी माणसं विरोधात उभी राहिली! दहाचं बारा.

हे मी माइकवर बोलले. एवढं सविस्तर नाही, पण बोलले. लोक अवघडून ऐकत होते. रुईयाची मुलगी काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात संयोजकांनी "फार वेगळा मुद्दा" असं म्हणून आभार मानायला सुरुवात केली आणि मला नारळ आणि टॉवेल दिला. टॉवेल कशाला ते विचारलं नाही.

जिन्यात काका थांबले होते. चार्ट माझ्या हातात दिला. "ठेवा तुम्हाला. आणि रागावू नका. उपाय आहे त्याला."

"कसला?"

"क्रॉसिंगचा. एक गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घ्यायची. जासुदाला शिरवळ आणि खंबाटकीच्या मधे एखाद्या देवळात बसवा, पाऊस दाखवा. घोडा मेन लाइनवरून थ्रू जाईल. पंधरा मिनिटांचं डिटेन्शन, कादंबरी वाचते." मग दोन पायऱ्या उतरून परत वळले. "त्या मुलीचं वय मीही बघितलं होतं. पण ते चार्टवर कुठे दाखवायचं, कळेना."

लेखिकेचा फोन संध्याकाळी आला. ठाण्याला दीड तास उभ्या होत्या. कार्यक्रम कसा झाला विचारलं. मी देऊळ, पाऊस आणि लूप सांगितलं. त्या खूश झाल्या, रात्रीतच चार पानं लिहून पाठवली. देवळात आता जासुदाला एक वृद्ध पुजारी भेटतो आणि दोघं गरम बटाट्याची भाजी खातात.

चार पानं, साठ रुपये. अजून आलेले नाहीत.