गाळा बंद होता, मग भाडं कशाचं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

लॉकडाऊनमधल्या थकलेल्या भाड्यांवर आणि अडकलेल्या ॲडव्हान्सवर मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला भाड्याच्या गाळ्यात तुमचं कोकणी मेव्याचं दुकान, घरामागे होमस्टेच्या दोन खोल्या. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सरकारनेच शटर खाली ओढायला लावलं, मग भाडं का द्यायचं? पर्यटकांचे पैसे परत करा म्हणून मी होमस्टेवाल्यांच्या पोटावर पाय देतोय. लॉकडाऊनमध्येही कामगारांना पूर्ण पगार द्या, हा केंद्राचा आदेश मी सोयीने गाळला. आणि ‘तुम्ही वकील मंडळी मालकांचीच’.

शेवटचं सोडून देतो. माझे निम्मे पक्षकार भाडेकरूच आहेत.

भाड्याचं बघू. करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ५६ म्हणतं की ठरलेलं काम करणंच अशक्य झालं, तर करार रद्दबातल. सगळे हेच कलम घेऊन येतात. पण गाळा रीतसर भाडेपट्ट्याने घेतला असेल तर ते लागूच होत नाही, कारण ताबा तुम्हाला मिळून व्यवहार पुरा झालेला असतो. १९४७ च्या फाळणीमुळे पट्ट्याने घेतलेली शेतजमीन कसता आली नाही, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली हे स्पष्ट केलं. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खान मार्केटमधल्या एका दुकानाच्या बाबतीत तोच निकाल समोर ठेवला. भाडं माफ केलं नाही, भरायला सवलतीची मुदत तेवढी दिली.

तुमच्या गाळ्यात लॉकडाऊनच्या त्या तीन महिन्यांत काय होतं? आगळाचे कॅन, आंबापोळी, फणसपोळी, काजूची पोती. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे. धंदा बंद होता, ताबा नव्हे. मालकाने उद्या कोर्टात एवढंच सांगितलं तरी त्याचं अर्धं काम होतं.

भाडेपट्ट्यातून सुटायचं दार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८(ई) मध्ये आहे. आग, वादळ, पूर किंवा अशाच अनावर शक्तीने जागेचा मोठा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरू पट्टा संपवू शकतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीकडे सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. अशा वादळात कुणाचा पट्ट्याने घेतलेला गाळाच कोसळला असेल, तर त्याला या कलमाचा आधार घेता येईल. लॉकडाऊन कितीही लांबला तरी तात्पुरताच होता. गाळा जागच्या जागी उभा राहिला.

मात्र तुमचा कागद ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर गणित वेगळं. तो भाडेपट्टा नव्हे, नुसती वापराची परवानगी. तिथे करारातली कलमं आणि कलम ५६, दोन्हींवर भांडता येतं. सरकारी आदेशाने जागा वापरता आली नाही तर शुल्क नाही, असं एखादं वाक्य करारात असेल तर तुम्ही बऱ्याच अंशी सुटलात. आपल्याकडे छापील मसुद्यावर सह्या होतात, कुणी वाचत नाही, ही खरी दुखरी जागा.

आता ॲडव्हान्स. एप्रिल-मे २०२० च्या बुकिंगला पाहुणे येऊ शकत नव्हते आणि तुम्हीही खोल्या उघडू शकत नव्हता. इथे कलम ५६ लागतं आणि पाठोपाठ कलम ६५ येतं: करार रद्दबातल झाला तर त्यात मिळालेला लाभ परत करायचा. कायद्यातच उदाहरण आहे. गायकाने मैफिलीचे हजार रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही, तर आयोजकाचा बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा नाही, पण हजार रुपये परत करायचे. गायकाची चूक नव्हती, तुमचीही नव्हती. रंगरंगोटीला, नव्या गाद्यांना पैसे गेले हे मान्य, पण त्याची वजावट त्या कलमात लिहिलेली नाही. पाहुण्याने ‘पुढच्या वर्षी येतो, पैसे राहू देत’ असा मेसेज केला असेल तर तो जपून ठेवा. तो नवा करार ठरू शकतो.

पगाराच्या आदेशाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. २९ मार्च २०२० चा तो आदेश १८ मेपासून मागे घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बोलणी करून तोडगा काढावा असं सांगितलं आणि मालकांवर सक्तीची कारवाई नको म्हटलं. दुकानात एकच मुलगी कामाला असणाऱ्यांसाठी लिहिलेल्या लेखात ते घालायची गरज मला वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

तुमचा खरा प्रश्न मात्र तळाशी आहे: मालक इतक्या वर्षांनी २०२० चं भाडं मागतो, मुदत गेली नाही का? भाड्याच्या वसुलीचा दावा लावायला तीन वर्षं. पण १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला. म्हणजे एप्रिल-मे २०२० च्या भाड्याची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून मोजायची, ती फेब्रुवारी २०२५ अखेर संपली. नुसत्या नोटिशीने मुदत थांबत नाही, दावा कधी दाखल झाला ते बघा. आणि मुदत संपण्याआधी ‘बाकी देते, थोडं थांबा’ असं सही करून कुठे लिहून दिलं होतंत का, तेही आठवा. दिलं असेल तर मुदत त्या तारखेपासून नव्याने सुरू होते.

कराराचं पहिलं पान आणि भाड्याचं कलम पाठवा, नाव झाकून. भाडेपट्टा की लायसन्स, ते बघून सांगतो.